परबदादांचा भरवसा

नवा फोन बाजारात आला की लोक कॅमेरा बघतात. आमचे परबदादा समोर वाफाळता चहा ठेवायचे, अॅप बनवणाऱ्यांसाठी त्या कंपनीने दिलेली टूल्स कॉम्प्युटरवर चढवायचे आणि म्हणायचे, "चहा निवायच्या आत फोनवर ‘नमस्कार’ दिसला पायजे. नाय दिसला तर ही कंपनी टिकत नाय, लिहून घे." वडील गिरणीत फिटर होते, म्हणून टूल्सना ते हत्यारंच म्हणत.

परळच्या आमच्या ऑफिसात दादा सगळ्यांत सीनियर, मी नायगावच्या बीडीडी चाळीतून आलेली नवखी. एका नव्या कंपनीच्या फोनवर तो ‘नमस्कार’ दोन घोटांत उमटला आणि दादा खुर्चीतून उठलेच. "बघितलंस? हत्यार चांगलं की अॅपवाले येतात, अॅप आली की गिऱ्हाईक येतं. हाच फोन चालणार गो!" त्या फोन कंपनीने पुढे त्यांना मुंबईतल्या अॅपवाल्यांना हत्यारं शिकवणारा ट्रेनर केलं. काय मिरवायचे! मी त्या फोनसाठी लालबागच्या मिरची कांडपाचा नंबर घरबसल्या लावायचं अॅप बनवलं. आईने दादांना डबाभर मसाला पाठवला.

मग कंपनीने हत्यारंच बदलली. जुनं अॅप चालेना. "एकदाच गो, परत नाय," दादा म्हणाले. मी सगळं पहिल्यापासून लिहिलं. वर्षभरात पुन्हा तेच! तेव्हा दुसऱ्या फोनवाल्यांकडची नोकरी माझ्या हातात होती. दादांनी मला कँटीनमध्ये बसवलं. "माझ्यावर भरवसा आहे ना? मग थांब." मी थांबले. घरी बोलणी खाल्ली आणि चार महिने डोळे फोडून अॅप तिसऱ्यांदा लिहिलं.

ते सुरू होऊन आठवडा झाला नसेल, कंपनीने तो फोनच बंद केला. आम्ही सगळे सुन्न. दादा मात्र शांतपणे टेबल आवरत होते. मी त्यांच्या टेबलापाशी गेले.

"दादा, तुम्हाला माहीत होतं?"

"सहा महिने झाले. कुठं बोलायचं नाय म्हणून सही घेतलेली त्यांनी."

म्हणजे कँटीनमध्ये बसलो होतो तेव्हाही! "मग नुसतं ‘जा’ म्हणायचं होतंत. कारण कोणी मागितलं होतं?"

दादांनी चष्मा काढला. समोरासमोर खोटं त्यांना कधीच जमलं नाही. त्या दिवशी जमलं असतं तर बरं झालं असतं. "तू गेली असतीस तर बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी गेली असती. सगळी तुझ्याकडं बघून थांबलेली. मग मी ट्रेनिंग कोणाला देणार होतो?"

दादा आता सावंतवाडीला असतात. गणपतीत मेसेज येतो, मी उत्तर देत नाही. त्यांनी मला शिकवलं ते मी विसरलेले नाही, पण माफही केलेलं नाही. माझी हातातली ती दुसरी नोकरी गेली ती गेली. दादांनी मला कँटीनमध्ये थांबवलं त्याच महिन्यात ऑफिसातल्या दोघी मुली सोडून जायचं म्हणत माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना मीच म्हटलं होतं, "दादा सांगतायत ना, थांबा गं."