उरलेला बर्फ

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या तळ्यावरचा बर्फ वितळू लागला की एक काकू पर्च मासे पकडायला काठावर येऊन बसतात. हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या नर्स. मासा गळाला लागला की त्याला हळूच म्हणतात, "दुखलं का? झालं हं, झालं," आणि ओल्या हातांनी परत पाण्यात सोडतात. माझ्याशी मात्र हवापाण्यापलीकडे फारसं बोलत नाहीत.

यंदा मार्चमध्ये माझा कुत्रा सावलीतल्या कोपऱ्यात उरलेल्या बर्फावर धावत गेला. कडकन आवाज झाला आणि तो पाण्यात पडला. मी त्याच्यामागे धावले, तर काकूंनी रॉड टाकून माझा दंड धरला.

"सोडा काकू, तो बुडेल."

"बुडू दे. तू जायचं नाहीस."

आवाज माशाशी बोलताना असतो तसाच शांत. मी त्यांना ओरबाडलं, तरी पकड सुटेना. तिकडे कुत्र्याचे पंजे बर्फाच्या कडेवरून पुन्हापुन्हा घसरत होते. मला त्या बाईचीच भीती वाटू लागली.

शेवटी कडा मोडत मोडत तो आपणच काठाला लागला. मी रडत त्याला कोटात गुंडाळलं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्या कोरड्या बुटांकडे बघत होत्या, आणि हळूच म्हणत होत्या, "झालं हं, झालं."