चौकशीच्या खिडकीतली उजवी बाजू

मंगळवार होता. चौथा तास, सातवीचा वर्ग. फळ्यावर त्रैराशिकाचं गणित अर्ध्यावर आलं होतं. दारात लाल सदरा दिसला. स्टेशनवरचा हमाल भागीरथ. त्याला मी कितीतरी वर्षं ओळखतो, पण रिकाम्या हाताने कधी पाहिला नव्हता.

"गुरुजी, चलिए," तो म्हणाला.

मी खडू खाली ठेवला. मुलांना सांगितलं, उरलेलं गणित घरी सोडवा.

माझा थोरला भाऊ, दादा, इंदूर स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायचा. त्या दिवशीही बसला होता. खंडव्याची गाडी गेली, गर्दी ओसरली, त्याने चहा मागवला. चहा आला तेव्हा तो नव्हता.

पुढचे तेरा दिवस जुनी इंदूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं येत राहिली. सांत्वनाला आलेला माणूस पाच मिनिटं बसतो, पाणी पितो, आणि उठता उठता म्हणतो, "एक बार क्या हुआ..." की पुन्हा खाली बसतो. जो येई तो एक किस्सा ठेवून जाई. शेवटी वहिनीच म्हणाली, "भावजी, हे कुठेतरी लिहून ठेवा. एवढे माझ्या लक्षात राहायचे नाहीत."

म्हणून लिहितोय.

*

आधी स्टेशन सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमची छोटी लाईन, म्हणजे मीटरगेज. होळकर दरबाराने पैसा घातला तेव्हा खंडव्याहून रूळ निघाले, नर्मदा ओलांडून, घाट चढून महूला आले आणि तिथून इंदूरला. पुढे ते रतलामकडे गेले. वाटेत फतेहाबादला उज्जैनचा फाटा. मुंबईला जायचं तर खंडव्याला नाहीतर रतलामला गाडी बदला. ग्वाल्हेरला जायचं तर उज्जैनला बदला. इंदुरातून सरळ असं कुठे जाताच येत नाही. त्यामुळे दादाच्या खिडकीला उसंत नसे.

त्यात मध्यभारत राज्य झालं आणि राजधान्या झाल्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. वर्षातून दोनदा कपाटं, फायली, कारकून, कारकुनांची बायकामुलं आणि लोणच्याच्या बरण्या असं सगळं सरकार आगगाडीने हलायचं. उज्जैनला मोठ्या लाईनच्या डब्यांतून उतरवायचं आणि छोट्या लाईनच्या डब्यांत भरायचं.

अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडाशी एक गृहस्थ हातात अर्ज घेऊन खिडकीशी आले. जमिनीचं काहीतरी प्रकरण होतं. सचिवालयात जाऊन आले होते, तिथे कुलूप.

"बाबूजी, सरकार कहाँ मिलेगी?"

दादाने घड्याळ बघितलं. "अभी तो उज्जैन में है। गाड़ी बदल रही है।"

"कब तक आ जाएगी?"

"आधा घंटा लेट है।"

गृहस्थांनी अर्ज नीट घडी करून खिशात ठेवला आणि समोरच्या बाकावर बसून सरकारची वाट बघत राहिले.

*

हा पुढचा सोहनलालजींचा. सोहनलालजी म्हणजे पार्सल ऑफिसचे बाबू. दादाचा डबा आणि त्यांचा डबा रोज वजनकाट्यावर एकत्र उघडायचा. चौथ्या दिवशी ते आले, दादाच्या फोटोकडे न बघता बसले, आणि भिंतीकडे बघत सांगू लागले.

सरकारी फायली लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून यायच्या. बस्ते जपून उतरवायचे असा हुकूम असे. बाकीचं सामान कसंही आपटलं तरी चाले. एका हुशार कारकुनाने काय केलं, आपली नवी गादी लाल कापडात बांधली. गादी उशीसारखी अलगद उतरली. पण उतरल्यावर ती गेली रेकॉर्ड रूमला, आणि तिच्याऐवजी एक बस्ता गेला परदेशीपुऱ्यात, त्याच्या बिऱ्हाडी.

बायकोने बस्ता उघडलासुद्धा नाही. चांगला उंच, सपाट बघून गच्चीत ठेवला आणि त्यावर परात ठेवून पापड वाळवले.

तिकडे रेकॉर्ड रूममध्ये गादीवर नंबर पडला. वरच्या साहेबांकडे कागद गेला, 'गादी एक, पुढील आदेशार्थ सादर.' कारकून आठ दिवस सतरंजीवर झोपला आणि मग दादाच्या खिडकीशी आला. "भिया, कुछ करो. पाठ गेली."

दादा म्हणाला, "गादी सोडवायची तर अर्ज कर. अर्जावर कार्यवाही व्हायला फाईल लागेल. फाईल कुठे आहे?"

"गच्चीत."

"मग आधी पापड काढ."

सोहनलालजी हे सांगून हसले, आणि हसता हसता उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. वहिनीने त्यांचा चहा तिकडेच नेऊन दिला.

*

हा मात्र हसण्याचा नाही, म्हणजे पुढे हसण्याचा होतो.

एक बाई महूहून आली होती. लेकीचं बाळंतपण उज्जैनला, आजउद्याचीच वेळ. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. तिने दादाला विचारलं, उज्जैनची गाडी कुठे लागते? दादाने कागदातून मान वर न काढता हात केला. "पूल उतरा, उजवीकडे."

बाई पूल उतरली आणि भलतीकडे वळली. तिथे डबा मांडीवर घेऊन बसली. तिच्या डोळ्यांदेखत पलीकडच्या फलाटावरून उज्जैनची गाडी गेली.

दादा तिला घरी घेऊन आला. रात्री ती आमच्याकडेच जेवली, वहिनीजवळ झोपली. सकाळच्या गाडीत दादाने तिला स्वतः बसवलं. ती पोहोचली तेव्हा नातू सहा तासांचा झाला होता. सगळं सुखरूप होतं. बारशाचं बोलावणं आलं, त्याबरोबर दोन लाडूही आले.

दादाला ते लाडू गोड लागले नाहीत. मला म्हणाला, "बाळू, मी उजवीकडे सांगितलं आणि उजवा हात केला. पण ती माझ्या समोर उभी. माझी उजवी ती तिची डावी. ती बिचारी माझ्या हाताच्या दिशेने गेली. किती वर्षं मी असा हात करतोय रे?"

मी म्हटलं, "बाकीचे पोहोचले ना?"

"माझ्याकडे परत आले नाहीत, एवढंच मला माहीत आहे."

*

दुसऱ्या दिवसापासून दादाने नवीन पद्धत काढली. कोणी रस्ता विचारला की तो खुर्चीत गर्रकन फिरायचा, माणसाकडे पाठ करायचा आणि मग हात दाखवायचा. म्हणजे त्याची उजवी तीच माणसाची उजवी. भागीरथ अजूनही ते करून दाखवतो.

व्हायचं तेच झालं. तपासणीला आलेल्या एका इन्स्पेक्टरने पाहिलं, खिडकीशी बारा माणसं उभी आणि बाबू भिंतीशी बोलतोय. लेखी खुलासा मागवला. प्रवाशांकडे पाठ का फिरवली?

दादाने उत्तर लिहिलं, 'प्रवाशांच्या सोयीसाठी.'

इन्स्पेक्टर खुलासा घेऊन स्वतः खिडकीशी आला. "मजाक करते हो?"

दादाने विचारलं, "साहब, आपका वेटिंग रूम किधर है?"

साहेबाने हात केला.

"मेरी तरफ़ से देखिए," दादा म्हणाला.

साहेबाने आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो खाली घेतला. खुलासा फायलीला लागला, पण पाठ फिरवायला बंदी झाली.

*

तेव्हा दादाने नकाशा काढायला घेतला. स्टेशनचा मोठा नकाशा, खिडकीच्या बाहेर भिंतीवर लावायचा, खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने काढलेला. पूल, फलाट, पाण्याचा नळ, कडुनिंब, टांग्यांचा अड्डा, ग्वालटोलीकडचा रस्ता, कुठली गाडी कुठे लागते, सगळं. चित्र तो काढणार आणि अक्षरं मी घालणार. शाळेतले सुविचार माझ्याच हातचे असतात, म्हणून दादाला माझ्या अक्षराचा फार अभिमान.

पहिला नकाशा झाला आणि नळ हलवला. दुसरा झाला तेव्हा चहाचा ठेला पुलापलीकडे गेला आणि फलाटावर नवं छप्पर आलं. दादा चिडून स्टेशन मास्तरांना म्हणाला, "साहेब, आठ दिवस स्टेशन हलवू नका, मी काढतोय." सोहनलालजी म्हणाले, "अरे भिया, ताजमहल जल्दी बना था।"

वहिनीच्या स्वयंपाकघरात तिसरा नकाशा चार महिने पसरलेला होता. ती त्याच्या कडेकडेने पोळ्या लाटायची. आम्ही जेवायला बसलो की म्हणायची, "भावजी, जरा ग्वालटोलीकडे सरका, आमटी रतलामवर सांडेल."

*

आता शेवटचा. हा कोणी सांगितलेला नाही, मी तिथे होतो.

दिवाळीनंतर तिसरा नकाशा पुरा झाला. मोठे साहेब पाहणीला यायचे होते. दादाने मला नकाशा धरायला नेलं. भिंतीत दोन खिळे त्याने आदल्या दिवशीच ठोकून ठेवले होते. साहेब आले, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नावं कुठे आहेत?"

"भाऊ घालणार आहे, साहेब. त्याचं अक्षर एकदा बघाच."

"नावांशिवाय ह्या रेघोट्या कोणाला कळणार?"

मागे हातोदचा एक म्हातारा शेतकरी उभा होता. नर्मदेच्या स्नानाला निघाला होता, खांद्यावर घोंगडी. साहेबांच्या बाजूने त्याने मान पुढे काढली, नकाशावर बोट ठेवलं आणि पुलावरून नळाकडे, नळावरून कडुनिंबाकडे सावकाश फिरवत नेलं.

"यो पुल... यो नल... यो लीमड़ो। ने यां खंडवा वाली गाड़ी ऊबी रे।"

मग बोट उचललं, साहेबांना रामराम केला, पूल चढला, उतरला आणि बरोबर वळला. आम्ही तिघं पुलाखालून तो डब्यात बसेपर्यंत बघत होतो.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "ठीक आहे. अक्षरं घालून आणा, त्याच दिवशी लावा."

दादाने नकाशा गुंडाळून माझ्या काखेत दिला. "बाळू, निवांत घाल. घाई नाही."

ही दिवाळीनंतरची गोष्ट. दादा गेला तो मंगळवार फाल्गुनातला. मध्ये सहामाहीचे पेपर आले, मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. दादाने दोनदा विचारलं, मी दोनदा "या रविवारी" म्हटलं. खिळे अजून भिंतीत आहेत. भागीरथ त्यांवर पागोटं टांगतो. नकाशा माझ्या टेबलावर आहे. त्यावर मी अजून एकही अक्षर घातलेलं नाही.