कॅश बंद कर

लग्नानंतर मी लोणंदहून सांगलीला आले. नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा एका बाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मला झाडलोट आणि चहापाण्याचं काम मिळालं. महिनाभर बघते आणि मग ठरवते, असं बाई म्हणाल्या होत्या. घरची चूल त्या कामावरच होती.

बाई स्वतः मशिन उघडून दुरुस्त करायच्या. त्यांचे हात आत गुंतले की मला कीबोर्डपाशी बसवायच्या. त्या सांगतील ते बटण मी दाबायची. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं, त्यामुळे आकडे वाचता यायचे पण अक्षरं येत नव्हती. त्यात स्वभाव लाजरा. समजलं नाही तरी विचारायची हिंमत व्हायची नाही.

एक दिवस तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी त्यांचं मशिन घेऊन आले. त्यात आमच्याच दुकानातून मेमरीची नवी पट्टी बसवली होती.

"बाई, एक पावती काढायची तर झटक्यात निघतीया. सगळ्या मालाचा हिशोब काढाय घेतला की हे बसतंय म्हशीवानी. तुमची पट्टीच हलकी हाय."

बाईंनी मेमरीचा वेग मोजायचा प्रोग्राम लावला. आकडा चांगला आला. पुन्हा लावला, पुन्हा चांगलाच.

"म्हंजे मी खोटं बोलतोय व्हय?"

बाई मशिनवर वाकल्या. मग मान वर न करताच मला म्हणाल्या, "आधी कॅश बंद कर गं."

मला वाटलं, गिऱ्हाईक चिडलंय म्हणून बाई सावध झाल्या. मी उठले, गल्ल्याचा ड्रॉवर ढकलला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आवं, मी काय चोर हाय का?" व्यापारी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या दुकानातली माणसं दारात आली.

काय चुकलं ते कळत नव्हतं, पण काम गेलं हे कळलं. घरी काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं. हसू आलं असणारच, पण त्या हसल्या नाहीत.

"अण्णा, चूक माझी. मी हिला नीट सांगितलं नाही. मशिनमध्येही एक कॅश असते. तुमच्या गाळ्यावर नमुन्याची पिशवी असते ना, तशी. कुणी आलं की त्यातलं मूठभर दाखवता, दरवेळी कोल्ड स्टोरेजला पळत नाही. मशिनपण थोडा माल जवळ ठेवतं आणि परत मागितला की तिथूनच देतं. कोल्ड स्टोरेजातून माल यायला किती वेळ लागतो हे बघायचं, तर आधी ती पिशवी बाजूला ठेवायला नको?"

"मग असं म्हणा की! नमुना दाखवून माल खपवायचा, ह्यो तर आमचाच धंदा."

दारातली माणसं हसली. बाई मला म्हणाल्या, "ये, बस इथं." मला वाटलं होतं, आता त्या मला मशिनला हात लावू देणार नाहीत.

"दाताळ्यासारख्या अक्षराचा शब्द दिसतोय? तो म्हणजे चालू. बटण दाब. अर्ध्या भाकरीसारखं अक्षर आलं की बंद झाली, थांब. खाली अजून एक आहे, तिथंही तेच."

मी दोन्ही कॅश बंद केल्या. मशिन एकदम रखडत चालू झालं. आकडा आला, मी मोठ्यानं वाचला. मग बाईंनी ती पट्टी काढून दुकानातल्या मशिनची घातली. या वेळचा आकडा चांगलाच वर गेला.

"तुमचं खरं आहे, अण्णा. आम्ही जलद पट्टी मागवली होती, आम्हाला साधीच आली. बदलून देते."

त्यांनी पट्टी बदलली आणि माझ्याकडूनच दोन्ही कॅश पुन्हा चालू करून घेतल्या. मशिन उचलताना व्यापारी म्हणाले, "बाई, ह्या ताईला सोडू नका. गल्ला लय राखतीया!"

ते गेल्यावर मी किल्ली टेबलावर ठेवली आणि खालमानेनं उभी राहिले.

"उद्यापासून अर्धा तास आधी येत जा," बाई म्हणाल्या. "अक्षरं शिकवते."

"म्हणजे मी कामावर आहे?"

"आहेस की. महिना कशाला बघायचा आता?"

घरी जाताना मी रस्त्यातच रडले. त्यांच्याकडे मी बरीच वर्षं काम केलं, अक्षरंही तिथंच शिकले. पण चार माणसांसमोर त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि लगेच मला शेजारी बसवलं, ते आठवलं की आजही मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते.