सोमवारची रात्र

उत्तरा पोतनीस फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात घालून न्यायची. धूळ लागू नये, रिक्षात वाकू नयेत म्हणून. तिच्या सासूबाई केशरबाई रोज म्हणायच्या, "पोळीभाजीचा डबा तो, आणि ही त्यात काळ्या चकत्या भरते. ह्यावर घर चालणार म्हणे!" उत्तरा हसायची, पण डोंबिवलीहून ठाण्याला पोचेपर्यंत तेच वाक्य तिच्या कानात घोळत राहायचं.

साल ब्याण्णव. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत ती सात वर्षं कॉम्प्युटर खात्यात होती. कायम नोकरी, बोनस, दिवाळीला मिठाईचा खोका. त्यातून तिने चार महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आणि स्वतःचा धंदा मांडला, म्हणजे रामनगरच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत एक सेकंडहँड मशीन मांडलं. शुक्रवारी वीज नसायची, त्या दिवशी धंद्याच्या मालकीणबाई भाजी निवडत बसायच्या. एक जूनला कामावर तरी हजर व्हायचं, नाही तर राजीनामा. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलेल्यांचं काय होतं, हे सांगायला नातेवाईक होतेच.

गिऱ्हाईक एकच होतं. नौपाड्यातलं 'शुभयोग वधूवर सूचक केंद्र', मालक हरिहर टिपणीस. तिथल्या मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, वर भरतकामाचा रुमाल, आणि चपला दाराबाहेर. तिथे पत्रिका जुळवणारे वेदपाठक गुरुजी डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून घरी बसले होते. त्यांच्या शेजारी चार दिवस बसून उत्तराने गण, नाडी, योनी, सगळे नियम वहीत उतरवून घेतले होते आणि त्यांचा प्रोग्रॅम लिहिला होता. जन्मतारीख, वेळ, गाव टाकलं की मशीन तिथी-नक्षत्र काढायचं, गुण जुळवायचं आणि प्रिंटर किरकिरत कागद बाहेर टाकायचा. लोक तो कागद दोन्ही हातांनी घ्यायचे. हरिहरकाका मे अखेर पसंती देणार होते. त्यांनी मान डोलावली की कल्याणचं आणि डोंबिवलीचं केंद्रही तयार होतं. तीन गिऱ्हाइकं झाली की राजीनामा द्यायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात चेंदणी कोळीवाड्यातले काळुराम कोळी केंद्राचा जिना चढून आले. त्यांची मुलगी रतन शिकलेली, पोस्टात लागलेली. कल्याणचं स्थळ, मुलगा-मुलगी दोघांची पसंती, सगळं ठरत आलं होतं. महिन्याभरापूर्वी मुलाच्या आईने पत्रिका बघायचा हट्ट धरला आणि मशीनने कागद दिला: एकनाडी, दोष. स्थळ मोडलं.

"बाय, हा कागद खोटा हाय," काळुराम म्हणाले.

 उत्तरा वरवर शांतपणे म्हणाली, "काका, मशीन चुकत नाही. तुम्ही दिलेलीच तारीख टाकलीय. तेरा तारीख, सोमवार, रात्री सव्वादोन."

"ते बरोबर. पन हितं वद्य बीज लिवलीय. ती तीज व्हती."

"एवढ्या वर्षांपूर्वीची तिथी तुमच्या लक्षात आहे?"

"तिथी कशाला? पानी लक्षात हाय. पोर रडली तवा खाडी टिच्च भरलेली, माझी होडी दाराशी लागलेली. बीजेला दीड वाजता पानी भरतं, सव्वादोनला उतराय लागतं. सव्वादोनची भरती तीजेची. आमचं शेंबडं पोर पन सांगेल. तिथीची पाऊनपट कर, भरतीची येळ येते."

उत्तराने कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडले. दोनाची पाऊणपट दीड. तिनाची पाऊणपट सव्वादोन. माणूस खरं बोलत होता आणि मशीनही, मग एक दिवस गेला कुठे?

आणि एकदम तिच्या तोंडचं पाणी पळालं. सोमवारी रात्री सव्वादोन. कॅलेंडरच्या हिशेबाने तो मंगळवार होता, चौदा तारीख. आपल्याकडे उजाडल्याशिवाय वार बदलतो कुठे? घरोघरी वहीत असंच लिहितात. मशीन मात्र रात्री बारालाच दिवस बदलून मोकळं झालं होतं, त्याने रविवारची रात्र धरली होती, आणि रतनचा चंद्र एक दिवस मागे राहिला होता.

गुरुजी प्रत्येकाला विचारायचे, "उजाडायच्या आधीची का? मग रात्र कुठल्या दिवसाची?" उत्तराने ते चारही दिवस ऐकलं होतं. म्हाताऱ्याची बडबड समजून एवढंच तिने वहीत घेतलं नव्हतं.

तिने मशीनकडून यादी काढली. मध्यरात्र ते सूर्योदय या वेळातले जन्म एकसष्ट. त्यातल्या कुणी घरची तारीख दिली, कुणी दवाखान्याच्या दाखल्यावरची, हे मशीनला सांगता येईना. एकेकाला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. सगळ्यांचे कागद केव्हाच वाटून झाले होते.

घरी तिने नवऱ्याला, श्रीरंगला, सगळं सांगितलं. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "तक्रार एकाचीच आहे ना? प्रोग्रॅम दुरुस्त कर आणि गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यात तिचं भलंच होतं, म्हणून तिला त्याचा रागही येईना. दोन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. बोलावं तर धंदा बुडतो, न बोलावं तर साठ घरांत काय होऊन बसेल कोण जाणे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लग्नसराई चालू होती. टेंभी नाक्यावर बँडचा आवाज आला की तिच्या मनात यायचं: हे आपल्या चुकलेल्या कागदाने तर जुळलं नाही ना?

तिसऱ्या दिवशी तिने हरिहरकाकांसमोर यादी ठेवली आणि सगळं सांगितलं.  काकांनी उठून मशीनचं बटण बंद केलं आणि रुमाल अंथरला.

"तीस वर्षं लोक माझ्या शब्दावर मुली देतात, उत्तराबाई. ह्या एकसष्ट घरी तुम्ही जायचं. स्वतः. चूक माझी, केंद्राची नाही, असं सांगायचं. सगळ्यांकडे जाऊन आलात की हा रुमाल काढू. तोवर पसंती नाही आणि कल्याणला शिफारसही नाही."

एक जून नऊ दिवसांवर आला होता.

ती आधी चेंदणीला गेली. दुरुस्त कागद डब्यात होता. काळुराम ओट्यावर जाळं सांधत होते, रतन नुकतीच पोस्टातून आली होती. उत्तराने बसायच्या आतच सांगून टाकलं. तीजच होती काका, तुमचं पाणी खरं, माझं मशीन चुकलं. नाडीदोष नाही, अठ्ठावीस गुण जुळतात. मी कल्याणला जाऊन त्यांनाही सांगते.

काळुरामांनी जाळं खाली ठेवलं. "त्याचा साखरपुडा झाला, बाय. रविवारी. दुसरीकडं."

 सात वर्षांची नोकरी, चार महिन्यांची रजा, तीन गिऱ्हाइकं, सगळं उत्तराला त्या क्षणी फार लहान वाटलं. आता ही मुलगी रडेल, नाही तर शिव्या घालेल, आणि दोन्ही आपण ऐकून घ्यायचं, एवढंच तिने ठरवलं.

रतनने कागद घेतला, दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"ताई, मला वाटलेलं माझ्यातच काहीतरी खोट आहे," ती म्हणाली. "महिनाभर आईशीसुद्धा धड बोलले नाही. बरं केलंत, आलात."

उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने लपवलंही नाही. रतननेच तिला तांब्याभांडं आणून दिलं.

बाहेर येऊन तिने डब्यातून यादी काढली. पहिल्या नावापुढे खूण केली. पुढचं घर राबोडीला होतं. तिने रिक्षाला हात केला.