मागून येणारी सायकल

पीएचडीची तोंडी परीक्षा झाली त्या संध्याकाळी आई म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची. आता पुन्हा पळायला लाग."

पळण्याचं वेड तिनंच लावलेलं. औरंगाबादला विद्यापीठाच्या मैदानावर मी फेऱ्या मारायचे आणि ती कठड्यावर बसून ओरडायची, "खांदे सैल सोड!" पुढे प्रयोगशाळेनं ते सगळं गिळलं. प्रयोगाचा पंप बंद पडला की दिवस वाया, चालू असला की हलता यायचं नाही. प्रबंध संपू दे, मग पळू, एवढंच मनाशी धरून मी ती वर्षं काढली.

संपल्यावर नोकरी लागली ती इथे, फेल्डहोवन या डच गावात, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत. सायकल घ्यायच्या आधी मी बूट घेतले. पहिल्याच रविवारी घरामागच्या सायकलच्या रस्त्याकडेनं निघाले आणि दुसऱ्या वळणावर बसस्टॉपच्या बाकावर बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सवय गेलीय, येईल, असं स्वतःला समजावलं.

ती आली नाही. हिवाळा आला, वारा समोरूनच यायचा, आणि टाचेच्या वरची शीर दुखायला लागली. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, म्हणाला, "पॅरासिटामॉल घ्या, थोडं थांबा." थांबले. पुन्हा पळाले, पुन्हा दुखलं.

तरी मी गावातल्या, दर शनिवारी पळणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. गट चालवणारी बाई निवृत्त शिक्षिका होती, उंच, पांढऱ्या केसांची. मला कायम मागे पडलेलं पाहून ती स्वतःचा वेग कमी करायची आणि माझ्या शेजारी गप्पा मारत पळायची. मला उत्तर देण्याइतका श्वास नसायचा. वसंतात गावातली पाच किलोमीटरची शर्यत होती. "ये ना," ती म्हणाली. "शेवटी येणाऱ्यालाही सूप मिळतं."

गेले. सुरुवातीची गर्दी पाहता पाहता पुढे निघून गेली, लहान मुलंसुद्धा. झाडीत शिरल्यावर मागे टायरचा आवाज आला. एक वयस्कर माणूस सायकलवरून माझ्या मागोमाग येत होता. मी एखादा खांब ओलांडला की तो उतरायचा, खांबावरचा बाण काढून पिशवीत टाकायचा आणि पुन्हा सायकलवर बसायचा. माझ्या मागे शर्यत आवरली जात होती.

टाच इतकी ठणकली की मी चालायला लागले, मग थांबले.

"कॅरियरवर बसता का?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "लाजायचं काही नाही. मलाही घरी जायचंय."

तो खरंच चांगल्या मनानं म्हणाला होता. मी बसले. शेवटच्या रेषेपाशी त्यानं सायकल कडेनं काढली, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिका सूपचा पेला घेऊन धावत आली. मी तो घेतला आणि तिच्याकडे न पाहता प्यायले. चव कळली नाही.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, ती नेहमीसारखं रागावेल, उद्या पुन्हा जा म्हणेल.

"राहू दे मग," ती म्हणाली. "शिक्षणात शरीर गेलं तुझं. नोकरी सांभाळ."

मैदानाच्या कठड्यावरून एकदाही मला 'थांब' न म्हणालेली बाई होती ती. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. वाद घालावा असंसुद्धा वाटलं नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटत होतं.

पुढच्या शनिवारी शिक्षिकेचा मेसेज आला, येतेस ना? पाय दुखतोय, असं कळवलं. त्यानंतरच्या शनिवारीही तेच कळवलं. मग तिनं विचारणं सोडलं. आता कधी सुपरमार्केटात भेटते, हवेबद्दल बोलते, मी डचमध्ये नीट उत्तरं देते. पळण्याचा विषय ती काढत नाही, मीही नाही.