गाण्यातली रिकामी जागा

व्हर्लीन स्टिडमचं एकच गाणं गाजलं, आणि तेही चुकीमुळे. केंटकीच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चूक कुठली, हे विचारलं की मात्र जो तो आपली थाप ठोकून देतो.

खोऱ्यातल्या प्रार्थनाघरात वाद्य चालत नसे, अजूनही चालत नाही. एक म्हातारा भरभर ओळ सांगतो आणि थांबतो. मग सगळे ती ओळ सावकाश ओढत गातात. व्हर्लीनच्या घरी कामाच्या वेळीही हीच तऱ्हा. सकाळी ती ओसरीवरून ओळ टाकायची आणि वर घेवड्याच्या मळ्यातून तिची आई ऑली ती ओळ उचलायची. धुक्यात आई दिसत नसे. ओळ परत आली की आई आहे हे कळायचं, आणि पोरीला तेवढं पुरे होतं.

मग तिनं गिटार आणली.

"देवानं गळा दिलाय ना?" ऑली म्हणाली. "मग तारांची कुबडी कशाला? लंगडी आहेस का तू?"

व्हर्लीन कुबडीसकट नॅशव्हिलला, रेकॉर्डी निघतात त्या शहरात, गेली. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिनं डोळे मिटले, 'धुकं उतरलं दाराशी' ही ओळ म्हटली, आणि सवयीनं थांबली. वाजवणारे हळूहळू वाजवत राहिले. तिला ओल्या मातीचा वास आला, पायाखाली ओसरीच्या फळ्या लागल्या. पुढच्या ओळीनंतरही ती तशीच थांबली.

"शब्द विसरलीस का बाई?" काचेपलीकडून हॅस्केलसाहेबांनी विचारलं. रेकॉर्ड काढणारे तेच.

"नाही. वाट बघत होते."

"कुणाची?"

ती गिटारीच्या खुंट्या पिळू लागली. साहेबांनी टेप पुन्हा ऐकली, कपाळ खाजवलं. "राहू दे असंच. या जागेत मलाच गावंसं वाटतंय, आणि मला कुणी गाऊ देत नाही."

ती जागा देशभर लोकांनी भरली. ट्रकवाले स्टिअरिंगवर ताल धरून भरायचे, बाया भांडी घासताना भरायच्या. जत्रेत ती ओळ टाकून थांबली की हजारो गळे ओळ परत करायचे. ती हसून मान डोलवायची आणि त्या गर्दीत एकच आवाज शोधायची. तो नसायचा.

फोनवर भाऊ डाल्टन म्हणाला, "रेडिओवर तुझं गाणं लागलं की आई उठते. हातातलं टाकून थेट मळ्यात. परवा तर भर पावसात गेली."

"एवढा राग?"

"मी कशाला विचारतोय? मला जेवायचंय त्या घरात."

व्हर्लीनचं घरी येणं थांबलं. रेकॉर्ड कंपनीनं पुढच्या प्रत्येक गाण्यात मोजूनमापून जागा सोडल्या, त्यात भाड्याचे गळे भरले. शिळ्या कढीला ऊत तो किती आणणार? रेकॉर्डी पडून राहू लागल्या. शेवटी कंपनीनं गोड बोलून निरोप दिला, आणि केसांत रुपेरी बटा घेऊन ती डोंगरात परतली.

आई ओसरीवर वाळवणाच्या शेंगा दोऱ्यात ओवत होती. तिनं नुसती दुसरी सुई पुढे केली. दोघी ओवत बसल्या. खाली खोऱ्यात धुकं भरत होतं. व्हर्लीनच्या तोंडून नकळत ती ओळ गेली, गिटारीवाचून, आणि ती थांबली.

ऑलीनं शेंगा खाली ठेवल्या. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पायऱ्या उतरू लागली.

व्हर्लीननं हाक मारली. "आई, आता तर गिटारही नाही. तरी उठून चाललीस?"

"मग काय इथं बसून गाऊ?" ऑली वळून म्हणाली. "तू ओसरीवर, मी मळ्यात. आपली जागा ठरलेली आहे ना? रेडिओवरही तू थांबायचीस आणि मला धावत वर जावं लागायचं. दम लागायचा गं. जरा जास्त थांबायचं होतंस."

ती चढ चढत धुक्यात दिसेनाशी झाली. व्हर्लीननं डोळे पुसले आणि ओळ पुन्हा टाकली. या वेळी ती म्हातारीला मळा गाठता येईल इतकी थांबली.

वरून ओळ परत आली.