ट्रंकेतले देव आणि लाल बिअर

जर्मनीला निघालेल्या माणसाला सोडायला लोक विमानतळापर्यंत जातात. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आळेफाट्यापर्यंत आले. त्यापुढे पुणं, त्यापुढे मुंबई आणि त्यापुढे जग, हे सगळं त्यांच्या हिशेबी एकाच दिशेला होतं, म्हणजे लांब. साल १९९८. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी माझ्या मांडीवर होती आणि आबा एसटीच्या खिडकीचा गज धरून खाली उभे होते. उपदेश करायची त्यांना सवय नव्हती. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "देव कुठं बसवायचं ते तिकडं जाऊन कळीव."

शेजारचा प्रवासी माझ्याकडे, मी देवांचा कंत्राटदार असल्यासारखा बघायला लागला.

आमचं मूळ गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात, घोड नदीच्या काठी. भात, नाचणी, वरई. नव्वदीच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढलं आणि आम्हाला बेल्ह्याच्या बाजूला, एका जुन्या गावाच्या कडेला जमीन मिळाली. सगळं रीतसर झालं. मांडव पडला, नारळ फुटले, भाषणं झाली. एका साहेबांनी आम्हाला विकासाचे शिल्पकार म्हटलं आणि आबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. आबांनी तो ट्रकमधल्या बैलाच्या गळ्यात घातला. दुसऱ्या बैलाने तो खाल्ला.

त्याच ट्रकमधून एका पत्र्याच्या ट्रंकेत आमचे देव आले. देव म्हणजे पाच टाक, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेले कुलदैवत आणि पूर्वज. नव्या घरात आईने भिंतीत देवळी ठेवून घेतली होती. आबांनी देव तिथे बसवले नाहीत. रोज सकाळी ट्रंक उघडायची, फूल वाहायचं, ट्रंक बंद करायची. आई कुरकुरली की म्हणायचे, "पावण्याच्या घरी कुनी देव बसवितं का?"

पाहुणे आम्हीच होतो. त्या गावची माणसं वाईट नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला प्रेमाने 'पावणं' म्हटलं, पुढे ती सवय झाली आणि सवयीचं कुंपण कधी झालं ते कुणालाच कळलं नाही. "काय पावणं, कॅनॉलला पाणी आलं का?" असं आबांना दहा वर्षांनीही विचारलं जायचं. थोरली बहीण लग्न होऊन गेलेली, मुलगा मी एकटाच. त्यामुळे आबांनी ठरवलं होतं, की पोरगा जिथे कायमचा राहील ते घर, आणि देव तिथे बसतील. पाच देव ट्रंकेत माझ्या निर्णयाची वाट बघत होते. मी दर फोनला सांगायचो, अजून दोन वर्षं.

ही दोन वर्षं मी न्युर्नबर्गमध्ये काढत होतो. एका कारखान्यात गिअरबॉक्सची ड्रॉइंग करायचो. पहिल्याच आठवड्यात नगरपालिकेत जाऊन 'आन्मेल्डुंग' केलं होतं, म्हणजे मी आता या पत्त्यावर राहतो अशी नोंद. शिक्का मारणाऱ्या बाईंनी मान वर न करता माझं स्वागत केलं. पुढे सायकल आली, हिवाळी बूट आले, रविवारी कपडे धुवायचं मशीन लावलं तर शेजारी रागावतात हे कळलं. चटणी संपली. भाकरीची आठवण यायची ती हळूहळू आठवणीची आठवण झाली. तुमच्यातले जे असे बाहेर गेलेत त्यांना हे ठाऊक आहे, आणि जे गेले नाहीत त्यांना हे सांगून पटत नाही.

२००५ साली जर्मन नागरिकत्वाचा अर्ज माझ्या टेबलावर पडून होता आणि त्याच उन्हाळ्यात आबा आले. आई आली नाही. म्हशीकडे कोण बघणार? आबा कशासाठी आलेत हे मला माहीत होतं, मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तरी दोन आठवडे आम्ही ट्राम, किल्ला, बटाटे आणि हवा यांविषयी बोललो. बोलण्यासारखं संपलं तेव्हा मी एका शनिवारी त्यांना शहराच्या बिअर-सहलीला नेलं. गाइड शहराचा इतिहास सांगत पायी फिरवतो आणि मध्ये मध्ये थांबून स्थानिक बिअर पाजतो. मोठा फायदा असा, की बोलायचं काम तिसराच माणूस करतो.

तो तिसरा माणूस म्हणजे श्टेफान. अंगात मध्ययुगीन दारू गाळणाऱ्याचा पोशाख, कातडी एप्रन, पिसाची टोपी, आणि पोशाखाला शोभेल असा घोगरा आवाज. आमच्या टोळीत चार अमेरिकन, हॅम्बुर्गचं एक जोडपं, आणि गांधी टोपी आणि भर उन्हाळ्यातही माझं हिवाळी जाकीट घातलेले आबा. अमेरिकनांना वाटलं आबाही सहलीच्याच पोशाखात आहेत.

सुरुवात शहराखालच्या तळघरांपासून झाली. खडकात खोदलेल्या लांबच लांब खोल्या, आत गारवा, पूर्वी इथे बिअरची पिंपं ठेवत. आबांनी भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवला. जुन्नरच्या डोंगरातली लेणी त्यांनी पाहिलेली होती.

"एवढी लेणी खोदली आन् त्यात दारू ठिवली?" ते म्हणाले. "मग भिक्षू कुठं ऱ्हायचं?"

मी भाषांतर केलं. श्टेफान खूश होऊन म्हणाला, की त्या काळी बिअर मठातले भिक्षूसुद्धा गाळायचे.

"मग बरूबर हाय," आबा म्हणाले.

वर येऊन आम्ही एका गल्लीत थांबलो. लाकडी तुळयांची घरं, खिडक्यांत फुलं. तिथे इथली लाल बिअर मिळाली. आबा घरी सणासुदीला एखादा घोट घ्यायचे, त्यामुळे त्यांनी नाही म्हटलं नाही. पण पिण्याआधी त्यांनी नेहमीसारखं केलं. बोट बुडवलं, जमिनीवर तीन थेंब शिंपडले आणि पुटपुटले, "धावजी, ठमाबाई, बुधाजी." आजोबा, आजी, चुलतआजोबा. आमच्या डोंगरात गेलेल्यांना दिल्याशिवाय कुणी पीत नाही.

श्टेफानने विचारलं म्हणून मी समजावलं. तो मान हलवून पुन्हा घोगऱ्या आवाजात शिरला: ही गल्ली युद्धात पूर्ण पडली, नंतर जुन्या नकाशांवरून परत बांधली.

"म्हंजे हे जुनं न्हाई?" आबांनी मला विचारलं.

"जुन्यासारखं आहे."

"आन् माणसं?"

हे मी भाषांतर करायला नको होतं. श्टेफानने पिसाची टोपी काढली. त्या दिवशी पहिल्यांदाच तो साध्या आवाजात बोलला. त्याचे आजोबा आणि आजी याच गल्लीत राहायचे, दोघंही पडलेल्या घराखाली गेले.

"नावं काय त्यांची? इचार."

गेओर्ग आणि आना.

आबांनी पुन्हा बोट बुडवलं. "गेवर्गबाबा, आनाबाई. आमचा पोरगा तुमच्यात ऱ्हातोय. जरा ध्यान असू द्या." तीन थेंब दगडी फरशीवर पडले. याचं भाषांतर मी केलं नाही आणि श्टेफानने मागितलं नाही. त्यानेही बोट बुडवलं. मग हॅम्बुर्गच्या जोडप्याने, मग अमेरिकनांनी. एकाने भक्तीच्या भरात इतकं शिंपडलं की माझा बूट भिजला.

मला राग आला होता की लाज वाटत होती, हे अजून सांगता येत नाही. पुढच्या थांब्याकडे जाताना मी म्हणालो, "आबा, त्यांना कशाला सांगितलंत? माझं अजून ठरलं नाही."

"मी कुठं म्हन्लो ठरलं? मी वर्दी दिली. सात वर्सं ऱ्हातोस, इचारलंस का कुनाला?"

"आल्या आल्या नोंद केली होती की."

"कुठं?"

"ऑफिसात."

आबा हसले. "आमची बी हापिसातच झाली व्हती."

आणि ते श्टेफानच्या मागे चालू लागले. मी दोन ग्लास जास्त प्यायलो, त्यानेही काही उलगडलं नाही.

आबा परत गेले, आणि महिन्याभरात एका सकाळी त्यांचा फोन आला. "देव बसवलं."

"कुठे?"

"हितंच. आपल्या घरात."

झालं असं, की बेल्ह्याच्या बाजारातून परत येताना ते त्या जुन्या गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे गेले आणि त्या गावच्या गेलेल्यांची नावं विचारली. म्हातारा म्हणाला, "पावणं, आज सकाळपास्नंच घेतली का काय?" मग त्याने नावं सांगितली, आणि सांगता सांगता संध्याकाळ केली. आबांनी वेशीवर थेंब शिंपडले, तो म्हातारा काठी टेकत सोबत आला आणि देवळीत पहिलं फूल त्याने वाहिलं.

"आणि माझं काय?" मी विचारलं.

"तुझं काय? सवड झाली की ये, पाया पड. म्हस बरी हाय."

जे उत्तर घ्यायला ते सात समुद्र ओलांडून आले होते ते त्यांनी घेतलंच नाही. मी सुटलो की मला वगळलं? मी परत येईन असं ते धरून चाललेत, की येणार नाही असं? उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं हे खरं, पण ते मागणारंच कुणी उरलं नाही तेव्हा मला ते फार महत्त्वाचं वाटायला लागलं. टेबलावरचा अर्ज मी पुढच्या वर्षी भरला. कुठल्या बाजूने विचार करून भरला, ते विचारू नका.

२००९ मध्ये माझा भाचा अमोल त्याच्या कंपनीच्या कामाला इकडे आला. त्याला त्याच सहलीला नेलं. श्टेफानची दाढी पांढरी झाली होती, माझं पोट सुटलं होतं. त्याने मला ओळखलं नाही. त्या गल्लीत तो थांबला, ग्लास उंचावला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, की या शहरात मध्ययुगापासून एक पद्धत आहे. इथले दारू गाळणारे पिण्याआधी बोट बुडवून पूर्वजांसाठी तीन थेंब शिंपडत. चला, आपणही शिंपडू.

सगळ्यांनी शिंपडलं.

"मामा, हे तर आबांचं!" अमोल म्हणाला. "यांच्यात बी असं करत्यात? मग आपुन यांच्याकडनं घेतलं का यांनी आपल्याकडनं?"

समारंभातल्या इतिहासातल्या चुका काढणं हा माझा जुना छंद. तोंड उघडलंही. पण समोर वीस माणसं गंभीर चेहऱ्याने ओली बोटं झटकत उभी होती, आणि त्या खोट्या मध्ययुगात आमचे आबा हिवाळी जाकीट घालून उभे होते. "दिसतंय तसं," एवढंच मी म्हणालो.

घरी येऊन आबांना फोन केला. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी काळजीने विचारलं, "नावं घेत्यात का?"

"नाही. नुसतं शिंपडतात."

"मग सांग त्यानला. नावाबिगर पोचत न्हाई."

श्टेफानला मी अजून सांगितलेलं नाही. स्वतःपुरतं मात्र पाळतो. शनिवारी बाल्कनीत लाल बिअर घेऊन बसलो की बोट बुडवतो. धावजी, ठमाबाई, बुधाजी, यांचं गाव पाण्याखाली आहे. गेओर्ग आणि आना, यांची गल्ली जुन्यासारखी आहे. बेल्ह्याकडच्या म्हाताऱ्याने सांगितलेली नावं आबांनी फोनवर म्हणून दाखवली, तीही घेतो, आणि आता त्यात त्या म्हाताऱ्याचंही असतं. यात पहिलं कुणाचं घ्यायचं इथे मी दर वेळी अडतो. एकदा आबांनाच विचारलं.

"ज्याच्या जिमिनीवर पडतंय त्याचं आधी," ते म्हणाले.

माझी बाल्कनी चौथ्या मजल्यावर आहे. थेंब पडतात ते खाली राहणाऱ्या बाईंच्या फुलांच्या कुंड्यांवर. त्यांचे यजमान मी इथे यायच्या आधीच वारले, आणि इतक्या वर्षांत मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. गेल्या शनिवारी ग्लास तसाच ठेवून मी जिना उतरलो आणि त्यांची बेल वाजवली.